घाटी म्हणजे दरी की चढ?

ताई, तुम्ही विचारलंय की सासरी रत्नागिरीकडे घरापर्यंत उतरणाऱ्या उभ्या वाटेला सगळे घाटी म्हणतात आणि हिंदीत तर घाटी म्हणजे दरी, मग बरोबर कोण. दोघंही बरोबर.

मूळ शब्द संस्कृतातला घट्ट, नदीच्या पाण्यात उतरायची जागा. त्याचाच झाला घाट. वाईचा कृष्णेवरचा घाट आणि आपला आंबा घाट यांचा काय संबंध असं मला लहानपणी वाटायचं, पण दोन्हीकडे उतरणंच आहे ना, तिथे पाण्यापर्यंत उतरायचं, इथे देशावरनं कोकणात. नाणेघाटातली सातवाहनांच्या काळातली दगडी वाट उतरून बघा, लगेच पटेल. हिंदीवाल्यांनी उतार संपतो त्या खालच्या जागेला तो शब्द दिला, म्हणून त्यांची कश्मीर घाटी आपल्या पेपरात काश्मीर खोरं होते. आपण उताराला धरून राहिलो. आणि सुरा-सुरी, डबा-डबी तसं घाट-घाटी, म्हणजे छोटा घाट.

आपल्याकडे वर सडा म्हणजे कातळाचं पठार, खाली वाडी, मग आगरं म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा आणि समुद्र, त्यामुळे मधला उतार उभाच असतो आणि घाटीशिवाय चालत नाही. आमच्या घाटीला जांभ्याच्या पायऱ्या आहेत, दोन्हीकडे गडगा म्हणजे दगडी कुंपण, आणि चिरे मधोमध झिजून खोलगट झालेत, पावसाळ्यात त्यातनं पाणी वाहतं नि शेवाळ धरतं मग कडेकडेनं चालायचं. आजी डोक्यावर भारा घेऊन कधी सरळ चढायची नाही, एका पायरीवर डावीकडे, पुढच्या पायरीवर उजवीकडे, म्हणायची सरळ चढलं की छातीत भरतं. काही गावांत पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी पण म्हणतात, पण आमच्यात पाखाडीला चिरे बसवलेले हवेत, घाटीला नुसता चढ असला तरी चालतो.

राहिला मुंबईतला 'घाटी'. घाटावरनं आलेला तो घाटी, एवढाच त्याचा अर्थ. त्याची शिवी केलीय ते मला अजिबात पटत नाही, घरात तरी मुलांना तसं बोलू देऊ नका.

आणि एक करा, सासूबाईंना तुमच्या घाटीचं नाव विचारा. देवळाची घाटी, विहिरीची घाटी असं काहीतरी असेलच. गाडीरस्ते झाल्यापासून घाट्यांवरनं चालणारी माणसं कमी झालीत आणि नावंही विसरत चाललीत. कळलं की इथे नक्की लिहा.