सोनोग्राफीत नलिकेत खडा दिसला नाही, मग एमआरसीपी कशाला?

वडिलांच्या पित्ताशयाला सूज आहे, आत खडे आहेत, रिपोर्टमध्ये 'सीबीडीत खडा दिसला नाही' (सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनलिका) असं लिहिलंय आणि तरी सर्जनने एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) सांगितली, म्हणून तुम्ही विचारताय की उगाच टेस्ट वाढवतायत का. मी स्वतः सोनोग्राफी करतो, आणि माझ्याच रिपोर्टमधल्या या एका ओळीवर फार विसंबू नका असं सांगेन.

'दिसला नाही' म्हणजे 'नाहीये' असं नाही. पित्तनलिकेचा वरचा भाग लिव्हरपाशी छान दिसतो, पण खालचा भाग ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) मागून जातो आणि तिथे गॅस असला की स्क्रीनवर नुसता धूर. खडे नेमके तिथेच जाऊन अडकतात! मग पेशंटला कुशीवर वळव, पाणी पाज, प्रोब जरा दाबून बघ (सुजलेल्या पित्ताशयावर दाबलं की माणूस श्वासच रोखतो बिचारा), हे सगळं करूनही खालचं टोक कित्येकदा हाती लागत नाही. म्हणून आम्ही नलिका किती फुगलीय ते मोजतो, साधारण 6 मिमीच्या वर गेली की संशय, वय झालेल्यांत थोडी जास्त चालते.

एलएफटीचंही (लिव्हरच्या रक्ततपासणीचंही) तसंच, नुसत्या सुजेनेही बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) थोडं वर जातं, त्यामुळे 2 आलं म्हणून लगेच खडा ठरवता येत नाही. पण नलिकेत खडा दिसलाच, किंवा बिलिरुबिन 4 च्या वर आणि नलिकाही फुगलेली, किंवा नलिकेत इन्फेक्शन झालंय, तर बहुतेक वेळा थेट ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढणं) करतात. बाकी मधल्या, ना धड हो ना धड नाही अशा पेशंटना एमआरसीपी, कारण ईआरसीपीने काहींना स्वादुपिंडाला सूज येते, नुसतं बघण्यासाठी ते कोण करेल? सीटीत बरेच खडे दिसतच नाहीत. अगदी बारीक खडा एमआरसीपीतूनही निसटू शकतो, तिथे एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी सरस.

आणि न बघता पित्ताशय काढलं आणि नलिकेत खडा राहिला तर ऑपरेशननंतर परत कावीळ, परत अ‍ॅडमिट.

तेव्हा रिपोर्टमध्ये सीबीडी किती मिमी आणि बिलिरुबिन किती ते बघून सर्जनना विचारा की वडील कुठल्या गटात बसतात. पेसमेकर असेल तर एमआरसीपीच्या आधीच सांगा. मधेच थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या.