‘त्या खोलीत श्वासच घ्यावासा वाटत नाही’

देवगड तालुक्यातल्या एका शिशुवर्गाच्या बाई फेब्रुवारी २०२२ मध्ये समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातांची सालं निघत होती. शाळेत दर अर्ध्या तासाने सॅनिटायझर. घरी मागीलदारीच आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि मगच उंबरठा ओलांडायचा. (ओळखीच्या खुणा बदलून, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.)

राज्यात २४ जानेवारीपासून शिशुवर्ग उघडायला परवानगी मिळाली होती. कोविडच्या ओमायक्रॉन प्रकाराची लाट अजून पुरती ओसरली नव्हती. जेमतेम चार वर्षांची मुलं, निम्मं आयुष्य घरातच काढलेली. पहिल्याच दिवशी एका मुलाने दाराशी भोकाड पसरलं आणि बाईंकडे हात केले. बाई दोन पावलं मागे सरल्या. “मी तेका उचलूक नाय, मॅडम,” एवढंच सांगून त्या रडू लागल्या. घरी सत्तरीच्या, मधुमेही सासूबाई होत्या.

मुलांना जवळ घेतलं तर घरी आजार नेईन, नाही घेतलं तर मी बाई कसली? तेव्हा हा प्रश्न मला कितीतरी बालवाडीच्या बाईंनी आणि अंगणवाडी सेविकांनी विचारला. तापाची साथ आली की तो अजूनही कानावर येतो.

पहिल्या भेटीत मी त्यांना श्वासाचा व्यायाम दिला. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. पुढच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “त्या खोलयेत श्वासच घेवचो वाटना नाय माका.” मी ते वहीत लक्षण म्हणून लिहिलं आणि माझाच हात थांबला. ती खोली कशी आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात समुद्राकडच्या दोन खिडक्यांची तावदानं फुटली होती. तिथे पत्रे ठोकले, ते तसेच राहिले. मागची खिडकी माकडांमुळे बंद. एक दार, बावीस मुलं, बाई आणि मदतीला मावशी. मुलांच्या तोंडावर मास्क नाही, आणि ते बरोबरच होतं. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये, असं केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने जून २०२१ मध्येच सांगितलं होतं. शाळा मात्र रोज ठोकळे आणि बाकं पुसून घेत होती. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. पुसण्यात बाईंचा जीव जात होता आणि हवा तिथेच कोंडलेली होती.

म्हणजे बाईंचं मन चुकत नव्हतं. हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि कुठल्याही व्यायामापेक्षा त्याचाच त्यांना आधार वाटला. धोका खरा असताना माणसाला फक्त शांत व्हायला शिकवणं मला अन्यायाचं वाटतं.

मग आम्ही दोघींनी मिळून संस्थेला पत्र लिहिलं. पत्रे काढून जाळी बसवा. सकाळचे दोन तास वर्ग पडवीत घेऊ द्या. बाईंना आणि मावशींना एन-९५ मास्क द्या. ताप आलेलं मूल घरी ठेवायला पालकांना सांगा, आणि बाई आजारी पडल्या तर पगार कापू नका. शेवटच्या मागणीवर बाई अडखळल्या. टाळेबंदीपासून त्यांचा पगार निम्म्यावर होता, वर ‘स्वतःच्या जबाबदारीवर कामावर येत आहे’ अशा कागदावर सही घेतलेली. पगार कापला जाईल या धास्तीने सर्दी-ताप अंगावर काढून वर्गात येणारी बाई स्वतःलाही जपू शकत नाही आणि मुलांनाही. मी ती ओळ खोडू दिली नाही.

घरातल्या धुण्याचं आम्ही हळूहळू कमी केलं. आधी कपड्यांचं गरम पाणी बंद, पंधरा दिवसांनी मागीलदारची आंघोळ. हात-तोंड साबणाने धुणं तेवढं ठेवलं. सासूबाईंचे लशीचे दोन्ही डोस झालेले होते. त्यांच्याशी बोलायचं बाई टाळत होत्या. बोलल्या तेव्हा म्हातारीने विचारलं, “पोरां रडतत ती कोण उचलता मगे?”

बाईंची उडालेली झोप मार्चमध्ये परतली. तोवर परतली नसती, तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणार होते. अशी तगमग दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर तुम्हीही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

पत्रे निघाले, जाळी बसली. बाईंना पाच दिवसांची भरपगारी आजारपणाची रजा मिळाली, मावशींना नाही. त्यासाठी जूनमध्ये दुसरं पत्र गेलं. त्यावर पहिली सही बाईंची होती.

तो मुलगा पुढेही दाराशी रडायचा. बाई मास्क नीट करायच्या, त्याला खांद्यावर घ्यायच्या आणि पडवीत फेऱ्या मारायच्या. समोरच्या हापूसच्या कलमांवर तेव्हा कणी धरत होती. ती दाखवली की तो गप्प व्हायचा.