'मूड'मध्ये असणे आणि 'इन अ मूड' असणे

प्रश्न : मुलीकडे लेस्टरला तीन महिने राहून नुकतीच परतले. शेजारच्या आजीबाई एकदा आपल्या यजमानांविषयी 'ही इज इन अ मूड टुडे' असे म्हणाल्या. स्वारी खुशीत असेल, असे समजून मी गप्पा मारायला गेले आणि फजिती झाली. त्याच बाई 'हाऊ आर यू'ला नेहमी 'नॉट टू बॅड' असे उत्तर देत, तेव्हा त्यांचे काही दुखतेखुपते का, अशी शंका येई. आनंदाचे आणि मनःस्थितीचे हे रोजचे शब्द कसे वापरावेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली फजिती झाली ती शब्द अनोळखी असल्यामुळे नव्हे, तर तो आपल्याकडे फार काळ नांदल्यामुळे. मराठीत 'आज साहेब मूडमध्ये आहेत' म्हटले की साहेब खुशीत असतात. इंग्रजीत मात्र विशेषण न लावता नुसते 'इन अ मूड' म्हटले, की तो माणूस घुश्शात आहे असे समजावे. खुशी सांगायची तर 'इन अ गुड मूड' असेच म्हणावे लागते. 'आज स्वयंपाकाचा मूड नाही' हे 'आय ॲम नॉट इन द मूड टू कुक' असे होईल. 'अ'च्या जागी 'द' आला, की घुस्सा जाऊन इच्छेचा अर्थ येतो. 'मूडी'चेही तसेच आहे. एखाद्या गायकाला मूडी म्हणताना आपल्या बोलण्यात थोडे कौतुक असते, इंग्रजीत ती बहुधा तक्रारच ठरते.

खरी मेख वाक्यरचनेत आहे. मराठीत आनंद, राग, कंटाळा या गोष्टी माणसाला होतात किंवा येतात, म्हणून आपण 'मला' असे म्हणतो. इंग्रजीत माणूस स्वतःच तसा असतो, म्हणून तेथे 'आय ॲम' येते. हा बदल करताना 'मला बोअर होतंय'चे 'आय ॲम बोअरिंग' केले, तर 'मी कंटाळवाणी आहे' अशी कबुली दिल्यासारखे होते. तेथे 'बोअर्ड' हवे. 'एक्सायटेड' आणि 'एक्सायटिंग' यांनाही हाच नियम लागू आहे.

'हॅपी' आणि 'ग्लॅड' पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात, तरी 'ग्लॅड'ला बहुधा एखादे निमित्त लागते आणि त्यात सुटकेचा निःश्वासही असू शकतो. पावसात अडकलेला मुलगा घरी पोहोचला, की 'आय ॲम ग्लॅड यू आर होम' हे अगदी शोभते. स्वभावाने आनंदी माणूस मात्र 'अ हॅपी मॅन'. तेथे 'ग्लॅड' चालत नाही. जाता जाता सांगायचे तर, 'हॅपी'च्या मुळाशी असलेल्या 'हॅप'चा अर्थ नशीब किंवा योगायोग असा होता आणि 'परहॅप्स' व 'हॅपन' हे त्याचेच भाईबंद.

'एन्जॉय'ला कर्म लागते, त्यामुळे सहलीहून आल्यावर 'आय एन्जॉइड' एवढ्यावर न थांबता 'आय एन्जॉइड इट' किंवा 'आय एन्जॉइड मायसेल्फ' असे म्हणावे.

राहता राहिले आजीबाईंचे 'नॉट टू बॅड'. त्यांचे काही दुखत नसावे. आपल्याकडे ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे 'चाललंय बरं' म्हणतात, तितकाच त्याचा अर्थ.