वाचकांचे प्रश्न : वस्तीतला कार्यकर्ता आणि फेलोशिपचा पैसा

प्रश्न : आमच्या कुटुंबाचा छोटा नोंदणीकृत न्यास आहे. घाटंजी-केळापूर भागातल्या पाच गावकार्यकर्त्यांना वर्षभराची फेलोशिप द्यावी असा विचार आहे. हाताशी 12 लाख रुपये आहेत. माणसे कशी निवडावीत आणि दरमहा किती द्यावे?
— एक विश्वस्त, यवतमाळ

उत्तर : पाचाऐवजी तीन माणसे घ्या आणि बारा महिन्यांऐवजी अठरा महिने द्या. ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची जुळवाजुळव 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. पहिल्या ऑक्टोबरात नवखा कार्यकर्ता मागणी कशी मांडायची ते शिकतो, आणि त्याच्या पोडावरचा (कोलामांच्या वस्तीवरचा) हातपंप किंवा पांदण रस्ता आराखड्यात बसतो तो बहुधा दुसऱ्या ऑक्टोबरात. वर्षभराच्या फेलोशिपला एकच ऑक्टोबर मिळतो. सप्टेंबरात सुरुवात केली तर दोन मिळतात. जूनमध्ये मात्र काहीही सुरू करू नका. पेरणीच्या दिवसांत बैठकीला कोणी येत नाही, आणि कार्यकर्त्याचे पहिले दोन महिने ‘लोक जमत नाहीत’ या निराशेत जातात.

आता हिशेब. एका माणसाला मानधन 12,000, प्रवास-झेरॉक्स 2,500, फोन 500, असे दरमहा 15,000. अठरा महिन्यांचे झाले 2,70,000. त्यात प्रशिक्षणाचे 25,000, वस्तीच्या कामाला हाताशी 20,000 आणि विम्याचे 5,000 धरले की 3,20,000. तिघांचे 9,60,000 होतात. उरलेल्यातून अर्धवेळ मार्गदर्शक साथी ठेवा. त्याला दरमहा 12,000 म्हणजे 2,16,000 लागतील. शेवटचे 24,000 लेखापरीक्षण आणि एकत्र बैठकांना ठेवा. साथीवरचा खर्च वायफळ वाटतो, पण तहसीलमध्ये अर्ज अडला, गावात तंटा झाला, तर त्या रात्री कार्यकर्त्याने फोन कोणाला करायचा? न्यासाच्या कार्यालयाला ते जमणार नाही.

मानधन 5,000 ठेवून जास्त माणसे घेण्याच्या मोहात पडू नका. कापूस वेचणीला आला की ज्याचे घर मजुरीवर चालते तो वावरात जाईल, आणि त्याचे ते बरोबरच असेल. मग टिकतो तो ज्याच्या घरी ओलिताची शेती आहे, म्हणजे ज्याला तुमच्या पैशाची गरज सगळ्यांत कमी. रक्कम तिमाही हप्त्यातही देऊ नका. हप्ता लांबला की किराणा उधारीवर चढतो. दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत, त्या व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यात द्या. बाई असेल तर खाते तिच्याच एकटीच्या नावावर हवे. व्यक्तीला अर्थसाहाय्य देणे न्यासपत्राच्या उद्दिष्टांत बसते का, हे त्याआधी सनदी लेखापालाला विचारून घ्या.

निवडीसाठी छापील अर्ज मागवलात तर अर्ज लिहिता येणारा माणूस मिळेल, वस्ती सांभाळणारा मिळेलच असे नाही. आठवडी बाजारात आणि बचत गटांत तोंडी सांगा, आणि नाव वस्तीकडून येऊ द्या : दहा जणांनी सुचवावे, त्यांतल्या निदान पाच बाया असाव्यात. मग गावात दोनदा जा, एकदा न सांगता, संध्याकाळी सातनंतर, माणसे वावरातून परतल्यावर. सरपंचाच्या ओसरीवर बसू नका. शेवटच्या गल्लीत, पोडावर जा आणि एकच गोष्ट विचारा : रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचे असले, रेशन कार्डातले नाव कटले, तर कोणाकडे जाता? चार घरांत तेच नाव निघाले की तुमचे अर्धे काम झाले. ते नाव बहुधा माईकवर बोलणाऱ्याचे नसते. कोलाम पोडावर कोलामी बोलणारा माणूस सोबत न्या. मराठीत विचारले तर उत्तर मराठी येणारा पुरुषच देतो.

प्रश्न : मी बचत गटाची सीआरपी (गटांना मदत करणारी गावातलीच समुदाय संसाधन व्यक्ती) आहे. सहा महिन्यांपासून एका संस्थेची फेलोशिप मिळते. आता गावातले म्हणतात, “तुले पगार भेटते, तं तूच जाय तहसीलात.” आधी माझ्यासोबत पंधरा बाया यायच्या, आता कोणीच येत नाही. काय करू?
— एक ताई, अर्जुनी मोरगाव तालुका

उत्तर : ताई, यात तुमची चूक नाही. पैशाची गोष्ट गावाला उघडपणे सांगितली नाही की असे होतेच. आकडा लपला की तो तोंडोतोंडी फुगतो. मोहल्ल्याची बैठक बोलवा, शक्यतो संस्थेच्या माणसाला समोर बसवा आणि स्वतः सांगा : मला इतके मिळतात, या तारखेपर्यंत मिळणार, ते माझ्या वेळेचे आणि येण्याजाण्याचे आहेत. तुमचे काम करून देण्याचा तो पगार नाही.

त्यानंतर एक नियम पाळा, एकटीने कार्यालयात जायचे नाही. ज्यांचे काम आहे त्यांच्यातल्या दोघी दरवेळी सोबत हव्यात, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दोघी. एसटीचे तिकीट तुमच्या प्रवासखर्चातून काढायला संस्थेची परवानगी मागा, रोजी बुडते म्हणूनही बाया येत नाहीत. खिडकीवर अर्ज जिचे काम आहे तिनेच द्यावा, पोच तिनेच घ्यावी, शिक्का आणि तारीख आहे का ते तिनेच पाहावे. तुम्ही मागे उभ्या राहा. कोणाचे मूळ कागद घरी ठेवू नका. एखादे आधार कार्ड हरवले तर वर्षांचा विश्वास जातो. रोवणीच्या दिवसांत बैठक रात्री आठनंतरच घ्या.

अर्ज अडकला तर दोन कायदे हाती आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. ती उलटली की अपील करता येते. माहिती अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपयांचे शुल्क भरून अर्जाचे काय झाले ते विचारता येते, उत्तर 30 दिवसांत यायला हवे. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला शुल्क नाही. हा अर्जही त्या बाईच्याच नावाने जाऊ द्या.

आणखी एक. फेलोशिपचा पैसा गटाच्या खात्यात फिरवू नका, उसनाही नाही. सीआरपीचे मानधन आणि फेलोशिप एकाच वेळी घेत असल्याचे दोन्हीकडे लेखी कळवा.

प्रश्न : फेलोशिप चालू असताना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येते का?
— चंद्रपूर जिल्ह्यातून एक वाचक

उत्तर : पैसा कुठून येतो यावर ते आहे. परदेशी देणगीतून येत असेल तर परदेशी अभिदाय नियमन कायदा, 2010 आडवा येतो. त्यात उमेदवाराला आणि कायदेमंडळाच्या सदस्याला असा पैसा घेण्यास मनाई आहे, आणि त्या व्याख्येत पंचायतही धरली आहे. म्हणून नामनिर्देशनपत्र भरण्याआधीच फेलोशिप लेखी थांबवा. देशी पैसा असेल तर संस्थेचे नियुक्तिपत्र पाहा. संस्थांना आमचे सांगणे असे : माणसाला निवडणुकीपासून अडवू नका, राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत आणि तिथे अशीच माणसे हवीत. नामनिर्देशनापासून निकालापर्यंत मानधन थांबेल, निवडून आल्यास बंद होईल, आधीचे परत मागणार नाही, एवढे पहिल्या दिवसाच्या पत्रात लिहा.

प्रश्न : संस्था दरमहा इंग्रजी अहवाल आणि वीस फोटो मागते. दोन दिवस त्यातच जातात. दुसरा मार्ग आहे का?
— एक फेलो, धानोरा तालुका

उत्तर : आहे. संस्थेपुढे दोनशे पानी रजिस्टरचा प्रस्ताव ठेवा. रकाने चार : तारीख, कोणाचे काम, कुठे गेलो, काय बाकी. नोंद अशी : ‘12 तारीख. तीन घरांची रेशन कार्डे. तहसील. तलाठ्याचा दाखला बाकी.’ रजिस्टर अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात ठेवा, कोणीही उघडून पाहील असे. संस्थेच्या मार्गदर्शक साथीने महिन्यातून एकदा ते वाचावे, पानांचे फोटो काढावेत आणि इंग्रजी लागत असेल तर ते कार्यालयात करावे. ‘बाकी’चा रकाना मोठा दिसला म्हणून संस्थेने मानधन रोखू नये, ही अट आधीच मान्य करून घ्या. नाहीतर त्या रकान्यात पुढच्या महिन्यापासून कोणी खरे लिहिणार नाही.