आलिशान एसयूव्ही घेण्यापूर्वी: एका तरुण मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की, हाताशी पस्तीस-चाळीस लाख रुपये आहेत, मोठे कर्ज काढले तर नवी व्होल्व्हो एक्ससी६० किंवा बीएमडब्ल्यू एक्स३ घेता येईल, आणि कर्जाच्या भानगडीत न पडता याच वर्गातली तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेता येईल. तर यांपैकी काय करावे. घरात तुम्ही दोघे, दोन वर्षांची मुलगी आणि तुझे आईवडील आहेत, राहणे पुण्यात आहे आणि सणावाराला चिपळूणमार्गे रत्नागिरीला जाणे असते, एवढी माहिती मला पुरेशी आहे. वाहनविम्याचा सर्वेक्षक म्हणून ठोकलेल्या आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे गाडीकडे पाहण्याची माझी दृष्टी काहीशी संशयी झाली आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाच.

माझे मत आधी सांगून टाकतो. पेट्रोलवर चालणारी, एकाच मालकाने वापरलेली, महाराष्ट्रातच पासिंग झालेली आणि कंपनीच्या वॉरंटीचा काही काळ शिल्लक असलेली गाडी मिळाली, तर ती घ्यावी. मात्र त्याआधी तुमची पाच माणसे तीत खरोखर बसतात का, याची खात्री करून घे, कारण तिथेच उत्तर नकारार्थी आले तर पुढचे सगळे तपासणे व्यर्थ आहे.

या वर्गातल्या बहुतेक गाड्या, म्हणजे एक्ससी६०, एक्स३, मर्सिडीजची जीएलसी आणि ऑडीची क्यू५, कागदोपत्री पाच आसनी आहेत. प्रत्यक्षात मात्र चारही चाकांना शक्ती पोचवणारा दांडा गाडीच्या मधून मागे जातो आणि त्यासाठी मागच्या आसनापुढच्या जमिनीवर चांगलाच उंचवटा ठेवावा लागतो. मधल्या माणसाला पाय त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना फाकून बसावे लागते आणि त्याच्या पाठीला टेकायला मिळतो तो घडी घातलेल्या आर्मरेस्टचा कडक भाग. आता तुमच्या घराचा हिशेब मांड. मुलीचे चाइल्ड सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या आसनातच बसवलेल्या, कड्यांना अडकवायचे तर ते एका खिडकीच्या बाजूलाच बसणार. दुसऱ्या खिडकीशी आई किंवा वडील. आणि राहिलेले एक प्रौढ माणूस त्या उंचवट्यावर, कुंभार्ली घाट संपेपर्यंत. शोरूममध्ये हे कधीच कळत नाही, कारण तिथे आपण एकटे जातो आणि पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसतो. तू तसे करू नकोस. घरचे सगळे आणि चाइल्ड सीट बरोबर घेऊन जा, ते सीट स्वतः बसव, पुढचे आसन तुझ्या उंचीप्रमाणे मागे घे, आणि मग मधल्या जागेवर तू स्वतः बसून पाहा. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाची गोष्ट बाजूला ठेव. नातीला आजीच्या मांडीवर घेऊन जाण्याची आपल्याकडची पद्धत किती घातक असते, ते मी कामाच्या निमित्ताने पाहिले आहे. मागे तोंड करून बसणारे सीट कधी पुढे लावावे लागले, तर त्या बाजूची एअरबॅग बंद करण्याची सोय आहे का, हेही विचारून घे.

आईच्या गुडघ्यांचा विचार वेगळा करावा लागेल. साडी नेसलेल्या बाईला आसनापर्यंत चढावे लागते की नुसते टेकून आत सरकता येते, दाराच्या खालच्या कडेचा चिखल साडीला लागतो का, दार अरुंद गल्लीत पुरेसे उघडते का, या गोष्टी कोणत्याही तुलनातक्त्यात नसतात. एअर सस्पेन्शन असलेली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेली, एक्ससी६० माणसे चढण्या-उतरण्यासाठी थोडी खाली बसू शकते आणि वृद्धांना याचा खरोखर उपयोग होतो. याच सस्पेन्शनविषयी पुढे मला एक कटू गोष्टही सांगायची आहे.

ही परीक्षा गाडी उत्तीर्ण झाली नाही, तर निराश न होता तीन रांगांच्या गाड्यांकडे वळ. व्होल्व्होची एक्ससी९० किंवा ऑडीची क्यू७ हे त्यातले पर्याय आहेत, पण त्या वापरलेल्या घेतल्या तरी त्यांचा खर्च एक पायरी वरचा असतो. आणि तुला राग येणार नसेल तर स्पष्टच लिहितो: पाच-सहा माणसांना आरामात कोकणात नेणे एवढाच हेतू असेल, तर टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस हे काम निम्म्या चिंतेत करते. आलिशान गाडी हवीशी वाटणे यात गैर काही नाही, पण आपण तिचे पैसे कशासाठी मोजतो आहोत हे आपले आपल्याला ठाऊक असावे.

आता नव्या गाडीचा हिशेब. जानेवारी २०२५ मध्ये नवी एक्स३ पेट्रोल ७५.८० लाखांना, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुधारित एक्ससी६० ७१.९० लाखांना बाजारात आली. या दोन्ही एक्स-शोरूम, म्हणजे रस्ता कर आणि विमा धरण्यापूर्वीच्या, किमती आहेत. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के रस्ता कर आहे, आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर तो २० टक्के होतो. म्हणजे बहात्तर लाखांच्या पेट्रोल गाडीवर तुझ्या नावावर नऊ लाखांहून अधिक कर, आणि तीच तुझ्या भागीदारी फर्मच्या नावावर घेण्याचा मोह झाला तर चौदा लाखांहून अधिक. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची पावती जपून ठेवावी. हा रस्ता कर पहिल्या मालकाने भरलेला असतो, आणि वापरलेली गाडी विकताना त्याला तो पुरता वसूल करता येत नाही. वापरलेल्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो.

किमतीविषयी आणखी एक बाब. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून होणारा सुमारे ५० टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत तीच धरली, तर नव्या गाडीची एक्स-शोरूम किंमत पंधरावा हिस्सा उतरली. जुन्या गाडीचा विक्रेता मात्र तीन वर्षांपूर्वीचे ऑन-रोड बिल पुढे करून भाव सांगतो. तू त्याला आजच्या नव्या गाडीचे कोटेशन दाखव आणि बोलणी तिथून सुरू कर.

वापरलेली गाडी स्वस्तात मिळाली म्हणून तिचा पुढचा खर्च स्वस्त होत नाही, ही गोष्ट लोक समजून घेतात पण मनावर घेत नाहीत. चाळीस लाखांना घेतलेल्या या गाडीचा हेडलॅम्प सत्तर लाखांच्या गाडीचाच असतो, टायर त्याच मापाचे आणि मजुरीही त्याच वर्कशॉपची. हत्ती उसना मिळाला तरी त्याचा चारा स्वतःलाच विकत घ्यावा लागतो. म्हणून किमतीबरोबरच दोन-तीन लाखांची रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसेल, तर तो सौदा तुझ्या ऐपतीतला नाही असे समज.

मी पेट्रोलचा आग्रह धरतो त्याचे कारण तुझा वापर. आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी अशी रांगत चालणारी डिझेल गाडी तिच्या धुराड्यातल्या गाळणीला, म्हणजे डीपीएफला, पुरेशी तापू देत नाही. काजळी साचते, दिवा लागतो आणि शेवटी वर्कशॉपची वारी होते. रोज शंभर किलोमीटर मोकळा महामार्ग असता तर माझे मत वेगळे असते. पेट्रोलमध्येही एक गोष्ट पाहावी लागेल: ई२० इंधनाला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, साजेसे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये आले, त्याआधीच्या गाडीविषयी निर्मात्याचे म्हणणे काय आहे ते मॅन्युअलमध्ये आणि इंधनाच्या झाकणामागे वाचून घे.

स्वस्त डिझेल गाड्या हमखास दिल्लीहून येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मज्जाव केला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतर नियमांत फेरबदल होत राहिले, पण तिथून गाड्या बाहेर पाठवण्याचा धंदा जोरात चालू लागला तो याच कारणाने. अशी गाडी घेतलीस तर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, इथली नव्याने नोंदणी आणि इथला कर हे सगळे तुझ्या माथी येते, आणि भावातली बचत तिथेच संपते. पुदुचेरीच्या पासिंगची आलिशान गाडी दिसली, तर तिथला कमी कर पाहून खोट्या पत्त्यावर नोंदलेली असू शकते, म्हणून मालक तिथे खरोखर राहत होता का हे विचारावे.

आता माझ्या व्यवसायातली गोष्ट सांगतो. दुरुस्तीचा खर्च विम्यात जाहीर केलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरते. साध्या गाडीला त्यासाठी भीषण अपघात व्हावा लागतो. आलिशान गाडीचे तसे नसते. वयानुसार तिची जाहीर किंमत झपाट्याने घसरते, सुट्या भागांची किंमत मात्र वाढतच जाते, त्यामुळे समोरची एक टक्कर, दोन हेडलॅम्प, रडार, चार-सहा एअरबॅगा आणि डॅशबोर्ड एवढ्यानेच आकडा ओलांडला जातो. मग ती गाडी भंगार म्हणून लिलावात जाते, कोणीतरी ती घेतो, जुने भाग लावून चकाचक करतो, आणि काही महिन्यांनी ती ‘डॉक्टरांनी वापरलेली, एकही ओरखडा नाही’ अशा जाहिरातीसह परत बाजारात येते. बाहेरचा रंग पाहून हे समजत नाही. त्यासाठी सलग विमा आणि सलग सर्व्हिसची नोंद माग. मध्ये आठ-दहा महिन्यांची पोकळी असेल आणि मालकाकडे पटणारे कारण नसेल, तर पुढे बोलूच नकोस. इग्निशन चालू करताना एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे; तो लागतच नसेल, तर दिवाच काढून टाकलेला असू शकतो. बॉनेट आणि मडगार्डचे बोल्ट पाना लागून खरवडलेले आहेत का, डाव्या-उजव्या फटी सारख्या आहेत का, आणि रंगाची जाडी मोजणारे यंत्र सगळ्या पत्र्यांवर जवळपास एकच आकडा दाखवते का, हे पाहणाऱ्या माणसाला सोबत ने.

पाण्यात बुडालेली गाडी याहून वाईट, कारण तिचे दुखणे वायरिंगमध्ये लपते आणि वर्षभराने उघड होते. २०१९ आणि २०२१ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरांनंतर अशा गाड्या किती सफाईने धुतल्या जातात ते मी पाहिले. धुणारा माणूस सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून क्वचितच धुतो. तो पूर्ण बाहेर काढ आणि खालच्या टोकाला गाळाची रेघ आहे का ते पाहा. सीटखालच्या रुळांचे स्क्रू, स्टेपनीची खोबण आणि गालिच्याखालचा फोम यांना हात लाव. आत अत्तराचा भपकारा असेल तर जास्तच सावध राहा.

एअर सस्पेन्शनची कटू गोष्ट ती हीच: गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहावी, आणि एखादा कोपरा बसलेला दिसला तर हवेची पिशवी किंवा कॉम्प्रेसर यांच्या बिलाची तयारी ठेवावी. पॅनोरॅमिक सनरूफच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात; त्या पाचोळ्याने तुंबल्या की पहिल्या मोठ्या पावसात छताचे अस्तर ओले होते. म्हणून गाडी उन्हाळ्यात घेत असलास तरी छतावर बादलीभर पाणी ओतून पाहा, विक्रेत्याने तोंड वाकडे केले तरी हरकत नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, टायर असतील आणि स्टेपनी नसेल, तर घाटाखालच्या गावात पंक्चर काढणारा त्यांना हात लावत नाही, याचा विचार कोकणात जाणाऱ्याने करायलाच हवा. आणि तुमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल, तर त्या पाळण्याची वजन आणि उंचीची मर्यादा आधी विचार. या गाड्या दोन टनांच्या आसपास असतात, आणि गाडी दारात आल्यावर व्यवस्थापकाने नकार दिल्याची प्रकरणे मला ठाऊक आहेत.

स्क्रीन, आवाजयंत्रणा, अंगभूत मालिश करणारी आसने यांविषयी मी काही लिहीत नाही. ते तुझे तुला कळते. सुरक्षेच्या तारांकनाबाबत एवढेच की, एक्ससी६० ने २०१७ च्या युरो एनकॅप या युरोपीय धडक-चाचणीत पाच तारे मिळवले ते युरोपातल्या गाडीसाठी. भारतातल्या त्या वर्षाच्या, त्या प्रकारात कोणत्या सोयी दिल्या होत्या ते वेगळे ताडून पाहावे.

कागदपत्रांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असल्यास बँकेचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, आणि ई-चलानची थकबाकी एवढे पाहा. नावावर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळव. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे पहिला हप्ता अंदाजापेक्षा अधिक येईल.

पुढच्या रविवारी तू जी एक्ससी६० पाहणार आहेस, तिचा सर्व्हिसचा संपूर्ण इतिहास, गेल्या प्रत्येक वर्षाची विमा पॉलिसी आणि आरसीची प्रत त्याआधी मला पाठव. कागद समाधानकारक असतील तर मी स्वतः रंग मोजण्याचे यंत्र घेऊन येतो. आईवडिलांना आणि चाइल्ड सीटला मात्र तू घेऊन ये.

तुझा,
काका