एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या मास्टर्सच्या) रिसर्चला पालक नि किशोरवयीन मुलं हा विषय घेतेयस तर एवढं वाच

अगं, पालक नि किशोरवयीन मुलं हा विषय चांगलाय पण लई मोठाय, आधी बारीक कर. साताऱ्यातल्या पाटण-जावळीकडं बघ, बाप मुंबईत माथाडी कामाला, घरी आई नि आजी, पोराचं बापाशी नातं फोनवरच, ह्याच्यावरच अख्खा प्रबंध होईल. १८ च्या आतल्यांसाठी पालकांची लेखी संमती घेच, पण पोरांना पण वेगळं विचार, आणि मुलाखत आईसमोर अजिबात नको. मी घेतलेली, पोरगी ओढणीचं टोक पिळत नुसतं "हो, चांगलंय" म्हणत राहिली, नंतर ओट्यावर एकटी बसली तर अर्धा तास बोलायची थांबेना. आणि "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नको, लैंगिक अत्याचाराचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवावंच लागतं, १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर जवळ ठेव.