आयात-निर्यातीचा अंदाज: आधी आकडा फोडून बघ

अरे, आयात-निर्यातीचा अंदाज चुकतोय म्हणून मॉडेल (अंदाज काढायचं गणिती सूत्र) बदलत बसण्याआधी एक काम कर, एकूण आयातीचा आकडा सरळ प्रेडिक्ट करू नकोस, किंमत आणि व्हॉल्यूम (म्हणजे मालाचं प्रमाण) वेगळे काढ, कारण तेल महागलं की जहाजं तेवढीच येऊनही आयात फुगलेली दिसते आणि मॉडेलला वाटतं मागणी वाढली. तेल, सोनं तर वेगळंच धर. मी हे न करता वर्षभर डोकं आपटलंय.

सीझनल अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे दरवर्षी ठरावीक काळात होणारे चढ-उतार आकड्यांतून काढून टाकणं, करतोयस ना? चिनी नववर्ष कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत येतं, त्यामुळे चीनचे ते दोन महिने एकत्र धरूनच बघ. दक्षिण कोरिया महिन्याच्या पहिल्या 20 दिवसांची निर्यात त्याच महिन्यात जाहीर करतो, जागतिक मागणीचा वास लवकर लागतो, फक्त कामाचे दिवस मोजून घे.

आणि हो, बॅकटेस्टला (मॉडेल जुन्या काळावर चालवून तपासताना) आजचे, नंतर सुधारलेले आकडे वापरलेस तर स्वतःलाच फसवशील, त्या तारखेला जे हातात होतं तेवढंच वापर. 2020 चा कोविडचा खड्डा डमी (फक्त त्या महिन्यांना 1, बाकीच्यांना 0 असा रकाना) लावून बाजूला ठेव. मग 'गेल्या वर्षीचा तोच महिना' या साध्या अंदाजाशी तुलना कर, बरीच भारी मॉडेल्स तिथेच आपटतात.